मित्रासाठी केलेले हातजाळे

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक सुतार राहत असे. मासे उचलायची हातजाळी करावीत तर त्यानेच. धामणीच्या झाडाची ओली फांदी वाफेवर मऊ करून तो तिचे गोल कडे वळवी, सावलीत वाळू देई, मग त्याला लांब दांडा जोडून सुताची झोळी विणी. गळाला लागलेला मासा होडीत बसल्या बसल्या अलगद उचलता येई.

गावातला एक कोळी त्याचा लहानपणापासूनचा मित्र. वय झाले तसा कोळ्याचा खांदा दुखू लागला. मोठा मासा लागला, की त्याला होडीबाहेर पार ओणवे व्हावे लागे.

"गड्या, मलाही एक जाळे कर की," तो एकदा म्हणाला. "नाहीतर एखाद दिवशी मासाच मला ओढून नेईल."

"तुझ्यासाठी असे करीन, की पंचक्रोशीत तसे कोणाकडे नसेल!" सुतार म्हणाला.

तो मनापासून कामाला लागला. पहिले कडे वाळल्यावर त्यात केसाएवढी चीर दिसली. त्याने ते बाजूला ठेवले आणि नवी फांदी आणली. पुढच्या जाळ्यात कडे आणि दांडा जुळतो तिथला सांधा नजरेला खुपू लागला. पुन्हा नवी फांदी. असे कितीदा तरी झाले. बाजूला ठेवलेली जाळी दुसरे कोळी आनंदाने घेऊन जात आणि वर्षानुवर्षे वापरत.

एके संध्याकाळी कोळी खांदा चोळत दारात आला.

"झाले का रे?"

"थोडेच राहिले आहे. सांधा मनासारखा बसत नाही."

"अरे, मासा काय सांधा बघून जाळ्यात येणार आहे? ते भिंतीवरचे दे ना. उद्या मोठ्या डोहावर जायचे आहे."

सुताराने भिंतीकडे पाहिले. जाळे भक्कम होते, पण सांधा दिसत होता.

"ते लोकांसाठी. तुला मी तसले देणार नाही. आठ दिवस थांब."

"तुझे आठ दिवस होईपर्यंत माझे दात पडले!" कोळी हसला आणि रिकाम्या हाताने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोहावर नुसती होडी तरंगताना दिसली. गळाचा दोर अजून पाण्यात ताणलेला होता. मासा धरायला वाकलेला कोळी पुन्हा वर आलाच नव्हता.

सुताराने कित्येक दिवस हत्याराला हात लावला नाही. मग एकदा बसून त्याने मित्राचे ते राहिलेले जाळे पुरे केले. सांधा बोटालाही लागत नव्हता. ते घेऊन तो कोळ्याच्या घरी गेला.

कोळ्याच्या बायकोने जाळे हातात घेतले, कड्यावरून हळूच हात फिरवला.

"छान झाले आहे हो, भाऊजी. ह्यांनी गावभर सांगून ठेवले होते, माझा मित्र माझ्यासाठी जाळे करतोय म्हणून. आता हे कोणाला देऊ?"

सुतार उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. ती माउली आत गेली आणि त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.

तात्पर्य: आपल्या माणसाला गरज असते तेव्हा साधी वस्तूही पुरते. वेळ गेल्यावर सर्वांत सुंदर वस्तू नेली, तरी ती घ्यायला ते माणूस असेलच असे नाही.