भेगेतला रंग

“…मग त्यांना मारलं ते मी का, उस्ताद? हो की नाही, एवढंच सांगा.”

प्रश्न उस्ताद कासम नदाफांना होता. समोर गोणपाट पसरलं होतं. त्यावर मोटारीच्या चाकाचा तुटका तुकडा होता. टायर नव्हे, आतलं धातूचं चाक असतं त्याचा. उस्ताद त्या तुकड्याकडं बघत बसले.

विचारणारा भरतेश मगदूम. गाड्यांची चाकं रंगवायला तो कुपवाडच्या या पत्र्याच्या शेडमध्येच शिकला. जुना रंग उतरवायचा, चाक उघडं करायचं, गननं रंगाची पावडर मारायची आणि भट्टीत भाजायचं. पावडर वितळते, सगळीकडं पसरते, आणि खड्ड्यांनी खाल्लेलं चाक शोरूममधून आल्यासारखं दिसतं. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. पण हाताबरोबर मानही ताठ झाली. उस्तादांना न विचारता त्यानं हायवेला चाकं रंगवायचं स्वतःचं, काचेच्या भिंतींचं दुकान टाकलं, आणि त्यानंतर तो इकडं फिरकला नव्हता.

मी शेजारच्या शेडमध्ये चाकांचं बॅलन्सिंग करतो. मधे नुसता पत्रा आहे, तोही अर्धाच. त्यामुळं माझ्यापासून काही लपत नाही.

गेल्या आठवड्यात आंबा घाटात मिरजेच्या कोऱ्यांची गाडी वळणावरच्या कठड्यावर आदळली. विरूपाक्ष कोरे जागच्या जागी गेले. बायको अजून दवाखान्यात आहे. नवरा गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं नाही. टायर फुटला असं सगळे म्हणतात, पोलिसही तेच म्हणतात.

चाकं भरतेशनं रंगवलेली होती.

“तुकडा कुठं घावला?” उस्तादांनी विचारलं.

“दरीत. मी उतरलो होतो.”

“पोलिसांस्नी दावलास?”

“नाही.”

“मग उतरलास कशाला?”

“खात्री करायला.”

“केलीस न्हवं? मग मला काय इचारतोस?”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. तुकडा उचलून दारात नेला. मीही हातातलं काम टाकून पुढं झालो. कुणी हाकललं नाही.

त्यांनी तुटलेली कड उन्हात धरली. बहुतेक कड पांढरी, खडीसाखर फोडल्यावर दिसते तशी कणीदार. पण आतल्या अंगाला बोटाच्या पेराएवढी जागा काळी होती. गुळगुळीत, चकचकीत काळी.

“ही पांढरी बाजू घाटात तुटली. काळी कवा तुटली?”

“आधीच.”

“आन रंग आत कसा गेला?”

“मी पावडर मारली तेव्हा भेग उघडी होती. भट्टीत पावडर वितळून आत गेली… वरून काही दिसेना.”

धडा पाठ म्हणून दाखवावा तसं त्यानं हे सांगितलं. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. संताप आला.

“रॉकेल लावलंतंस?” उस्तादांनी हळूच विचारलं.

इथं एक सांगायला हवं. उस्तादांच्या शेडमध्ये रंग उतरवलेल्या चाकाला रॉकेल चोपडून रात्रभर ठेवतात. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून डिझेल, पण म्हणायचं रॉकेलच. सकाळी ते कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी लावायची आणि गप बसून राहायचं. केसाएवढी भेग असली तरी आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. असं चाक उस्ताद रंगवत नाहीत. घणानं त्याची कड ठेचतात आणि मगच मालकाच्या हातात देतात, पुन्हा कुणी गाडीला लावू नये म्हणून. गिऱ्हाईक शिव्या घालत जातं.

भरतेशकडं सकाळी दिलेलं चाक संध्याकाळी तयार. “उस्तादांच्या शेडमध्ये चाकालासुद्धा रोजा धरावा लागतो,” असं तो चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे. उस्तादांच्या कानावर गेलं होतं ते. तेही हसले होते.

“लावलंतंस का?”

“नाही.”

“कोऱ्यांच्याच चाकांना न्हाई?”

“कुणाच्याच नाही.”

उस्तादांनी तुकडा त्याच्या हातात दिला.

तुकडा घेऊन भरतेश खाली बसला. एका हातानं त्यानं उस्तादांचे पाय धरले. रडत रडत बोलत सुटला. दुकान आजच बंद करतो. जन्मात पुन्हा गनला हात लावणार नाही. बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन जैन मुनींसारखं मरेपर्यंत अन्न सोडतो. तुम्ही सांगाल ती शिक्षा भोगतो.

उस्तादांनी पाय मागं घेतले.

“कुलूप लावल्यावर कोरे उठून बसतील?”

“नाही.”

“आन तू उपाशी मेलास तर?”

“नाही, उस्ताद… पण मला झोप लागत नाही. डोळा मिटला की घाट दिसतो.”

“म्हंजे हे सगळं तुझ्या झोपंसाठी.”

असं म्हणून ते त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले. समोरून रस्ता जातो. त्या वेळी कारखान्यांची पाळी सुटलेली असते, गाड्यांची रीघ लागते. एक पांढरी जीप गेली. तिच्यामागून पोरांनी भरलेली शाळेची व्हॅन गेली. उस्ताद नुसते बघत राहिले. बघता बघता भरतेशही तिकडं बघू लागला.

आणि त्याचं रडणं बंद झालं.

“बाकीची…” तो म्हणाला.

उस्ताद वळले नाहीत.

“मी चाकं रंगवलेल्या किती तरी गाड्या आहेत, उस्ताद. सांगली, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंत. आणि सगळ्यांच्या चाकांत भेग असेलच असं कुठाय?”

“नसंल.”

“मग?”

“कुणाच्या हाय आन कुणाच्या न्हाई, ठावं हाय तुला?”

“लोकांना बोलवायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की कोऱ्यांचं बाहेर येणार. केस होईल, आत टाकतील मला. आत्ता कुणालाच काही माहीत नाही, आणि हा एवढा तुकडा जर तुमच्या हौदात…”

तिथंच तो अडखळला.

रंग उतरवायच्या रसायनाचा हौद मागच्या भिंतीला होता. तुकडा त्यात सोडला की घटकाभरात काळा रंग निघून जाणार. मग सगळी कड पांढरी, जशी काही आख्खी घाटातच तुटली. त्याचं स्वतःचं दुकान हायवेला, काचेचं, दिवसभर माणसांचा राबता; तिथं हे कुणाच्या तरी नजरेत आलं असतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की एवढ्या दिवसांनी याला उस्तादांची आठवण का झाली. असली शिवी तोंडात आली होती, पण उस्तादांसमोर मी शिवी देत नाही.

उस्तादांनी मात्र आवाज चढवला नाही. ते मागं गेले. स्वतःच्या हातानं हौदाचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. उग्र वासाचा भपकारा माझ्यापर्यंत आला.

मग ते बाजूला झाले.

“टाक,” ते म्हणाले.

भरतेश उठला. हौदाच्या काठाशी गेला. तुकडा हातात, हात हौदावर. वासानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, की आधीचंच होतं, कोण जाणे. उस्ताद त्याच्याकडं बघतही नव्हते. फडक्यानं हात पुसत होते.

हात खाली जाईना, वर येईना…

“माझं नाव जाईल, उस्ताद,” तो कसाबसा म्हणाला.

उस्तादांनी फडकं खिळ्याला अडकवलं.

“नाव गेलेला माणूस सांजचं जेवायला घरी येतो, भरतेश.”