दरीला आवडलेले तुकडे

फार वर्षांपूर्वी, कड्यावरची वाट धुक्यात बुडाली की गव्यांचा कळप सुतारपक्ष्याच्या ठेक्यावर ती पार करत असे. जुना वाजवणारा वारला, म्हणून टणक्या नावाचा तरुण सुतारपक्षी कामाला आला.

“पलीकडच्या झाडावर बसून ठेका धर,” कळपाची म्होरकी तांबूआजी म्हणाली. “आवाजाच्या मागे आम्ही येतो. सगळे पोचलो तर काम तुझं.”

पोकळ खोडावर टणक्याची चोच रंगली. ठेका सोडून तो तबलजीसारखे तुकडे वाजवू लागला. दरीतून कुणीतरी तेच तुकडे परत वाजवले, त्याच्याहून सुरेख. तो खुलला आणि आणखी वाजवत गेला.

“आजी, यातला आपला आवाज कोणता?” धुक्यात वासरू रडवेलं झालं. खुरांचा आवाज दरीकडे वळला होता.

टणक्या थांबला, त्याने वासराची पावलं ऐकली आणि त्या पावलांवर साधा ठेका धरला. दरीनेही तो उचलला. पण तिला पावलं ऐकू येत नसावीत, तिचा ठोका मागेपुढे पडत राहिला. पावलाशी जुळणाऱ्या ठोक्यामागे कळप चालत आला.

“उद्यापासून ये रे,” आजी म्हणाली.

“आणि माझे तुकडे कसे वाटले?”

“दरीला आवडले, बाळा. ऐक, अजून वाजवतेय.”