पन्नास लाखांची संत्र्याची बाग

अकोल्याचा प्रणित वाकोडे झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता आणि फावल्या वेळात मोबाइलवर सर्व्हे भरायचा. वर्षभराच्या पॉइंटांचे दोन हजार तीनशे रुपये झाले, ते त्याने इमानदारीत आयकराच्या रिटर्नमध्ये दाखवले. कार्यालयाने पुरावा मागितला, तर भरलेले सगळे सर्व्हेच छापून पाठवले. तिथेच घोळ झाला. कमाई कमी लिहिली की सर्व्हे पहिल्याच प्रश्नाला बाहेर काढतो, म्हणून पठ्ठ्याने सगळीकडे वर्षाला पन्नास लाख लिहिलं होतं.

आयकर कार्यालयातल्या खर्डेनवीस साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

“हे तूच लिहिलंस ना? मग पन्नास लाखांवर टॅक्स भर.”

“साहेब, माझा दहा वर्षांचा पगार जाईल त्यात. ते पॉइंटांसाठी लिहिलं होतं, खोटं आहे.”

“स्वतःच्या हाताने लिहिलेलं मी खरं धरतो.”

“सगळं?”

“अक्षर न् अक्षर.”

प्रणितने गठ्ठ्यातून ट्रॅक्टरवरचा सर्व्हे काढून साहेबांपुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, चाळीस एकर संत्री, दुसरी कुठलीही कमाई नाही.

“मग ते पन्नास लाख शेतीचे झाले, साहेब. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो.”

“कुठे आहे रे तुझी शेती?” साहेब खेकसले.

“त्या पन्नास लाखांच्या शेजारीच.”

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि दोन हजार तीनशेच्या रिटर्नवर सही केली.

बाहेर शिपायाने अभिप्रायाचा फॉर्म हातात दिला. त्यात वार्षिक उत्पन्न विचारलं होतं.

“याचे पॉइंट मिळतात का?” प्रणितने विचारलं.

“नाही.”

मग त्याने खरं ते लिहिलं.