टिवलीच्या कात्रीचा स्क्रू

जास्वंदीच्या झाडावर टिवली राहायची. टिवली म्हणजे शिंपीण पाखरू. एवढीशी. तुझ्या मुठीत मावेल एवढी.

टिवली घरटं शिवत होती. दोन पानं, एक दोरा. सुई म्हणजे तिची चोच. आणि दोरा कापायला कात्री. कात्री तिच्या आजीची होती. चिंचोक्याएवढी कात्री. तिला मोहरीएवढा स्क्रू.

टाका घाल, दोरा काप. कच्.
टाका घाल, दोरा काप. कच्.
टाका घाल, दोरा... टिंग.

स्क्रू निसटला. फांदीवर आपटला. खाली गटारात पडला. डुबुक.

कात्रीची झाली दोन पाती. एक इकडे, एक तिकडे.

टिवलीने गटारात वाकून पाहिलं. नुसतं काळं पाणी. स्क्रू दिसेना.

वर दोरा लोंबत होता. पान उघडं पडलं होतं. आणि टिवलीच्या पोटात अंडं होतं. ते आजच येणार होतं. उघड्या पानात अंडं ठेवलं तर? वारा आला तर? अंडं खाली पडेल ना.

टिवलीने दोन्ही पाती चोचीत धरली. टुण टुण, फुर्र.

टिवली गेली मनोहरशेटच्या दुकानात. तिथे खिळे मिळतात, कड्या मिळतात, स्क्रू मिळतात.

"शेट, शेट, कात्रीला स्क्रू द्या."

शेटनी एक स्क्रू काढला. तो जाडा. दुसरा काढला. तो लांबडा. तिसरा काढला. तो तर टिवलीच्या पायाएवढा.

शेटनी पाती हातावर घेतली. उलटीपालटी करून पाहिली.

"ही फार जुनी कात्री आहे गं. अशा कात्र्या आता कुणी करत नाही. मग त्यांचे स्क्रू कुठून येणार? असं कर, उस्मानचाचांकडे जा. ते घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या डबीत जुने बारीक स्क्रू असतात."

टुण टुण, फुर्र. टिवली गेली उस्मानचाचांकडे.

"चाचा, चाचा, कात्रीला स्क्रू द्या."

चाचांनी डबी हलवली. खुळखुळ, खुळखुळ.

"असेल बेटी, यातच असेल. पण मला दिसत नाही. माझा चष्मा माकडिणीने नेला. चष्मा आण, मग स्क्रू शोधतो."

"चाचा, माझं अंडं येतंय."

"मग लवकर जा बेटी. कात्री इथे राहू दे."

टुण टुण, फुर्र. टिवली गेली चिंचेवर. तिथे माकडीण बसली होती.

"माकडीणबाई, माकडीणबाई, चष्मा द्या.
चाचांना स्क्रू दिसत नाही,
स्क्रूविना कात्री चालत नाही,
आणि माझं अंडं काही थांबत नाही."

माकडीण म्हणाली, "देते की. पण मला भूक लागलीय. मांडीवर पिल्लू निजलंय, मला उठता येत नाही. केळं आण, मग चष्मा देते."

टुण टुण, फुर्र. टिवली गेली बागेत. तिथे केळ उभी होती.

"केळीमावशी, केळीमावशी, केळं द्या.
माकडीण चष्मा देत नाही,
चाचांना स्क्रू दिसत नाही,
स्क्रूविना कात्री चालत नाही,
आणि माझं अंडं काही थांबत नाही."

केळ म्हणाली, "देते की. पण मला तहान लागलीय. माझी पानं बघ, कशी सुकलीत. पाणी आण, मग केळं देते."

टुण टुण, फुर्र. टिवली गेली पाटाकडे. पाटातून बागेला पाणी येतं. आज पाट कोरडा होता.

"पाटदादा, पाटदादा, पाणी द्या.
केळ केळं देत नाही,
माकडीण चष्मा देत नाही,
चाचांना स्क्रू दिसत नाही,
स्क्रूविना कात्री चालत नाही,
आणि माझं अंडं काही थांबत नाही."

पाट म्हणाला, "देतो की. पण तिकडे वर म्हैस बसलीय, माझ्या मधोमध. पाणी पुढे येत नाही. म्हशीला उठव, मग पाणी देतो."

टिवली दमली होती. ती जरा टेकली. पोटात अंडं हललं. टिवली दचकली आणि पुन्हा उठली.

टुण टुण, फुर्र. टिवली गेली म्हशीकडे. म्हैस पाण्यात बसली होती. काळी, मोठी, ढगासारखी.

"म्हशीआत्या, म्हशीआत्या, उठा ना.
पाट पाणी देत नाही,
केळ केळं देत नाही,
माकडीण चष्मा देत नाही,
चाचांना स्क्रू दिसत नाही,
स्क्रूविना कात्री चालत नाही,
आणि माझं अंडं काही थांबत नाही."

म्हैस म्हणाली, "उठते की. पण उठले की माश्या चावतात. पाण्यात बसले की चावत नाहीत. बगळ्याला बोलाव. तो माश्या खाईल, मग मी उठते."

टुण टुण, फुर्र. टिवली गेली बांधावर. तिथे बगळा उभा होता.

"बगळेदादा, बगळेदादा, चला ना.
म्हैस काही उठत नाही,
पाट पाणी देत नाही,
केळ केळं देत नाही,
माकडीण चष्मा देत नाही,
चाचांना स्क्रू दिसत नाही,
स्क्रूविना कात्री चालत नाही,
आणि माझं अंडं काही थांबत नाही."

बगळा म्हणाला, "येतो की. पण माझे पाय बघ. दोऱ्यात गुंतलेत. मला हलता येत नाही. कात्री आण, दोरा काप, मग येतो."

कात्री.

कात्री कुठून आणायची? कात्रीला स्क्रू नाही. स्क्रूसाठी चष्मा हवा. चष्म्यासाठी केळं हवं. केळ्यासाठी पाणी हवं. पाण्यासाठी म्हैस उठायला हवी. म्हशीसाठी बगळा हवा. आणि बगळ्याला हवी कात्री.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

टिवली बांधावर बसली. तिचे पंख गळाले. ऊन उतरायला लागलं. पोटात अंडं हललं. एकदा. आणखी एकदा.

"बगळेदादा," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे कात्री नाही. मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," बगळा म्हणाला. "सकाळपासून मी असाच उभा आहे."

टिवलीने मान वर केली.

"सकाळपासून?"

ती त्याच्याजवळ सरकली. तिने दोरा पाहिला. गाठ पाहिली. एका गाठीवर दुसरी गाठ, तिच्यावर तिसरी. टिवली रोजच गाठी मारायची. ही गाठ कशी बसलीय, ते तिला कळलं.

"हलू नका हं."

टिवलीने गाठीत चोच घातली. ओढलं. गाठ सुटेना. दुसऱ्या बाजूने ओढलं. चोच दुखली. पुन्हा ओढलं. गाठ जराशी हलली. एक सुटली. दुसरी सुटली. तिसरी फार घट्ट होती. टिवलीने डोळे मिटले आणि जोर लावला.

सर्र. दोरा गळून पडला.

बगळ्याने एक पाय उचलला. मग दुसरा उचलला.

"चल," तो म्हणाला.

बगळा गेला म्हशीकडे. टप टप टप, त्याने माश्या खाल्ल्या.

म्हैस उठली. फुस्स.

पाट वाहिला. खळखळ, खळखळ.

केळ पाणी प्याली. घट घट घट. तिने एक केळं खाली सोडलं. धप्प.

केळं केवढं, टिवली केवढी. तिला ते हलेना.

"मी नेतो," बगळा म्हणाला.

केळं मिळालं माकडिणीला. तिने चष्मा दिला. पिल्लू जागं झालं नाही.

चष्मा मिळाला चाचांना. त्यांनी काच पुसली. चष्मा नाकावर ठेवला. डबी उघडली. टिवली डबीच्या काठावर बसून बघत होती.

चाचांनी चिमट्याने एक स्क्रू उचलला. तो मोठा. दुसरा उचलला. तोही मोठा. तिसरा, चौथा, पाचवा. सगळे मोठे.

"चाचा, आहे ना?"

"बघतो बेटी. अजून तळ दिसला नाही."

डबीच्या तळाशी, कोपऱ्यात, एक काळा ठिपका होता. चाचांनी तो अलगद उचलला. पात्यांवर ठेवला. फिरवला. कर्र, कर्र, कर्र.

कात्री उघडली. कात्री मिटली. कच्.

"असला हा एकच होता," चाचा म्हणाले. "थांब, आणखी थोडा आवळतो. आता निसटणार नाही."

टुण टुण, फुर्र. टिवली आली जास्वंदीवर. ऊन अजून थोडं बाकी होतं.

टाका घाल, दोरा काप. कच्.
टाका घाल, दोरा काप. कच्.
टाका घाल, गाठ मार. कच्.

दोन पानं मिटली. टिवली आत शिरली. ती अगदी गप्प बसून राहिली.

आणि मग अंडं आलं. निळसर अंडं. त्यावर बारीक बारीक ठिपके.

वारा सुटला. जास्वंद हलली. फांदी हलली. घरटंही हललं.

अंडं पडलं नाही.