पालथी हलगी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक दवंडीवाला होता. गळ्यात हलगी अडकवून तो चावडीपासून निघाला की त्याचा आवाज पार नदीपलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा. बाजार कधी भरणार, पंचायत कुठे बसणार, कुणाची म्हैस चुकली आणि कुणाची सापडली, हे सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. दुसऱ्या कुणी काही सांगितलं तर लोक म्हणायचे, "थांबा, आधी हलगी वाजू द्या."

माणूस भला होता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी बायकोच्या हातून आमटी खारट झाली तर दुपारी विहिरीवर बायका तिला विचारायच्या, "काय गं, आज मीठ सांडलं म्हणे?" ती बिचारी कपाळाला हात लावायची.

एका बाबतीत मात्र तो फार जपून वागे. गावात कुणी वारलं, तर दवंडीवाल्याने तोंडाने काही सांगायचं नाही, अशी तिथली रीत होती. तो गळ्यातली हलगी काढायचा आणि चावडीच्या ओट्यावर पालथी घालून ठेवायचा. पालथी हलगी दिसली की वाजणारं वाद्य थांबे, भांडणारे गप्प होत आणि लोक हलक्या आवाजात विचारत, "कोण गेलं?" कुणी गेलेलं नसताना हलगी पालथी घातली, तर ती त्या घरातून कायमची काढून घ्यायची, असाही नियम होता. त्याच्या आजोबाने आणि बापाने हा मान सांभाळला होता, आता तो सांभाळत होता.

एका वर्षी सुगीच्या दिवसांत त्याने इतक्या दवंड्या दिल्या की त्याचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसती हवाच बाहेर यायला लागली. गावात झाडपाल्याचं औषध देणारी एक म्हातारी होती. तिने त्याचा गळा दाबून पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली आणि औषधाची पिशवी पुन्हा बांधून टाकली.

"गळ्याला रोग नाही बाबा, गळा दमलाय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठायचं आणि राईत जाऊन बसायचं. उन्हं कलली की घरी यायचं. एक शब्द बोलायचा नाही, घरात कुजबुजायचंसुद्धा नाही. राईच्या कडेचा पळस फुलला की तोंड उघड. त्याआधी ओरडलास, तर हा आवाज पुन्हा येणार नाही."

पाटलांनाही ही गोष्ट कळली. ते म्हणाले, "चैत्रात जत्रा आहे. तोवर आवाज आला तर बरंच झालं. नाही आला, तर शेजारच्या गावातून माणूस आणावा लागेल. माझाही नाइलाज आहे रे." दवंडीवाल्याने नुसती मान हलवली. हलगी दुसऱ्याच्या गळ्यात दिसेल, या विचाराने त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला जुनी राई होती. देवाची राई, म्हणून तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी आणत नसे. राईच्या तोंडाशी एक काळा धोंडा होता. आत जाणाऱ्याने त्या धोंड्यावर हात ठेवायचा, जे काही बोलायचं असेल ते त्याला सांगून टाकायचं आणि मग मुकाट्याने आत जायचं. येताना पुन्हा हात लावून आपलं बोलणं परत घ्यायचं. हल्ली मात्र राईत फारसं कुणी फिरकत नसे, त्यामुळे धोंड्यावर शेवाळ चढलं होतं आणि ही रीत म्हाताऱ्यांनाच तेवढी आठवत होती.

दवंडीवाल्याला तर बोलायचीच बंदी. त्याने धोंड्यावर कपाळ टेकलं आणि मनातल्या मनात सांगायला सुरुवात केली. सांगून संपेचना. धोंड्यानेच कंटाळून 'जा आता' म्हणावं, इतका वेळ तो तिथे होता.

पहिले काही दिवस त्याचे फार वाईट गेले. एका झाडाखाली बसायचा आणि काय करावं ते त्याला सुचायचं नाही. वरून एक शेकरू झुपकेदार शेपूट उडवत या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, तर याचा हात लगेच हलगीकडे गेला. सांगायचं कुणाला? इथे काही घडतच नाही, असं त्याला वाटायचं. पण हळूहळू कान उघडले. पिकलेलं पान देठापासून सुटताना बारीकसा आवाज होतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. ओढ्याचं पाणी सकाळी वेगळं वाजतं, दुपारी वेगळं. आयुष्यभर तो गावाला 'ऐका हो ऐका' म्हणत आला होता, आणि स्वतः आज पहिल्यांदा ऐकत होता. त्याला फार बरं वाटलं. घरी तो शांत झोपू लागला.

आणि मग त्याला तो पक्षी दिसला. भली मोठी वाकडी चोच, रुंद पंख, उडताना वारा कापल्यासारखा आवाज. धनेश! धनेशाची जोडी राईतून निघून गेली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. ती होती तेव्हा ओढा वैशाखातही वाहायचा, असं म्हातारी माणसं सांगत.

मादी एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत शिरली आणि आत बसून, चिखल लावून लावून तिने ढोलीचं तोंड बुजवून टाकलं. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवली. दवंडीवाल्याला वाटलं, ही वेडी झाली की काय? स्वतःलाच कोंडून घेतलं! पण थोड्या वेळाने नर आला. दुरून उंबराची फळं आणली होती. फटीतून चोच बाहेर आली आणि त्याने एकेक फळ तिच्या चोचीत दिलं. आत ती अंडी घेऊन बसली होती. बाहेरच्याने आणलं तर खायचं, नाही आणलं तर उपाशी राहायचं.

नर मोठा सावध होता. दवंडीवाल्याने नुसता पाय हलवला तरी तो दूरच्या फांदीवर जाऊन बसे, मान वाकडी करून पाही आणि सगळं शांत झालं की मगच ढोलीशी येई. म्हणून दवंडीवाला झाडाच्या बुंध्यासारखा बसायला शिकला.

पण एवढी मोठी बातमी, आणि ती एकट्याच्या पोटात! घास घशाखाली उतरेना. नवरा गप्प आहे म्हणून आधी सुखावलेली बायको आता काळजीत पडली. त्यात जत्रा जवळ येत होती. ही बातमी आपण दिली, तर पाटील दुसरा माणूस कशाला आणतील, असं त्याच्या मनात यायला लागलं. शेवटी एका सकाळी त्याला राहवलं नाही. तो चावडीपुढे उभा राहिला आणि त्याने हलगी वाजवली.

लोक जमले. तोंड तर बंद. त्याने दोन्ही हात पसरून उडून दाखवलं, कोपर नाकाला लावून वाकडी चोच केली, राईकडे बोट दाखवलं. कुणी म्हणालं मोर, कुणी म्हणालं गिधाड. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "धनेश? राईत धनेश आलाय?" दवंडीवाल्याने जोरजोरात मान हलवली.

गावात आनंदी आनंद झाला. पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बोलता येत नाही तरी बातमी आणलीस. जत्रेची हलगी तुझीच," ते म्हणाले. त्याला हवं होतं ते मिळालं.

देवाच्या राईत देवाचा पक्षी आला, मग गाव वाजतगाजतच जाणार. ढोल निघाले, ताशे निघाले, लेझीम निघाली. धोंड्यावर मूठभर गुलाल उधळून मंडळी धडाधड आत शिरली. बेहड्यावरही गुलाल पडला, त्याखाली नारळ फुटले. नर कधीच डोंगरापलीकडे निघून गेला होता. लोकांना पक्षी काही दिसला नाही, नुसती फट दिसली. "उद्या पुन्हा येऊ," ते म्हणाले, "जरा मोठ्याने वाजवू, म्हणजे बाहेर येईल."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. गर्दी पांगल्यावर दवंडीवाला एकटाच मागे राहिला. नर लांबून एक घिरटी घालून गेला, पण गुलालाने लाल झालेल्या त्या झाडाजवळ आला नाही. फटीतून चोच बाहेर आली. उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज असा काही आलाच नाही. बाहेर सगळं ठीक राहील या भरवशावर तिने स्वतःला कोंडून घेतलं होतं, आणि तो भरवसा त्याने मोडला होता. काय आलंय ते त्याने गावाला सांगितलं, पण तिथे कसं जायचं ते सांगितलंच नव्हतं.

तो धावत पाटलांकडे गेला. त्याने कानांवर हात ठेवले, ढोलाकडे बोट दाखवलं, हात जोडले. पाटील हसून म्हणाले, "कळलं कळलं, ढोल कमी पडतायत. उद्या वरच्या आळीचेही आणू."

सकाळी खरंच दुप्पट मिरवणूक निघाली. दवंडीवाला आडवाटेने पुढे पळाला आणि धोंड्याशी येऊन उभा राहिला. कडेचा पळस त्याने पाहिला. काळ्या कळ्या लागल्या होत्या, फूल एकही नव्हतं. ओरडावं तर आवाज कायमचा जाणार, आणि एवढ्या ढोलांत तो ऐकणार तरी कोण? वाद्यं जवळ येत चालली. त्याने गळ्यातल्या हलगीवर हात फिरवला. बापाची हलगी, आजोबाची हलगी. नुकताच मिळालेला जत्रेचा मान. मग त्याने ती काढली आणि सगळ्यांच्या देखत धोंड्यावर पालथी घातली.

पुढचा ढोल थांबला. मग ताशे थांबले. मग मागची लेझीम.

"कोण गेलं?" पाटलांनी हळूच विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. दवंडीवाल्याने मान हलवली. कुणी नाही. मग त्याने राईकडे बोट दाखवलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पाटलांचा आवाज कडक झाला, पण चढला नाही. "कुणी गेलं नसताना पालथी घातलीस? याचा अर्थ ठाऊक आहे ना तुला?"

त्याने होकार दिला. पाटलांचा हात धरला, धोंड्यावर ठेवला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात औषधवाली म्हातारी गर्दीतून पुढे आली. तिने पदराने धोंड्यावरचा गुलाल पुसला, त्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि चपला काढून आत गेली. एकेक करत लोकांनी ढोल उतरवले, लेझीम गवतावर ठेवली. कुणी धोंड्याला बरंच सांगितलं, कुणी दोनच शब्द. राईत सगळं गाव झाडांखाली बसलं आणि वाट पाहू लागलं.

फार वेळ काहीच झालं नाही. मग दूर वारा कापल्यासारखा आवाज आला. नर आला आणि लांबच्या फांदीवर बसला. मान वाकडी करून पाहत राहिला. सगळ्या गावाने श्वास रोखून धरला. तो एक झाड जवळ आला. अजून एक. आणि मग थेट ढोलीशी. फटीतून चोच बाहेर आली. त्याने उंबर दिलं, तिने घेतलं. पुन्हा दिलं, पुन्हा घेतलं. आतून बारीक चिवचिव ऐकू आली. पिल्लू होतं. दवंडीवाल्याची बायको तोंडात पदर कोंबून रडत होती.

धोंड्यापाशी परत आल्यावर दवंडीवाल्याने हलगी उचलली आणि दोन्ही हातांनी पाटलांपुढे धरली. नियम म्हणजे नियम.

पाटलांनी ती घेतली. मग म्हणाले, "नियम खोट्या हलगीचा आहे. आज हलगी खोटी बोलली नाही. एरवी ती मरण आल्यावर पोचते, आज आधी पोचली." आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात घातली.

थोड्याच दिवसांत पळस फुलला. दवंडीवाल्याने तोंड उघडलं. आवाज आला होता, पूर्वीसारखाच खणखणीत. पहिली दवंडी त्याने चावडीपुढे उभं राहून दिली, पण हलकेच, आणि लोक ती ऐकायला जवळ आले. "ऐका हो ऐका. राईत लेकुरवाळी आहे. बघायला जरूर या, पोराबाळांना घेऊन या. बोलणं तेवढं धोंड्यापाशी ठेवून या." त्या वर्षी जत्रेची वाजंत्री ओढ्याच्या अलीकडेच थांबली आणि पालखी राईवरून मुकाट्याने गेली.

वैशाखात एका सकाळी मादीने चोचीने ढोलीचं तोंड फोडलं आणि ती बाहेर आली. मागोमाग पिल्लू बाहेर आलं, धडपडलं, सावरलं आणि फांदीवर बसलं. तेव्हा राईत दवंडीवाला एकटाच होता. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि गपचूप जेवायला बसला.

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "आज राईत काहीतरी झालंय," ती म्हणाली.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हसून म्हणाला, "उद्या सकाळी माझ्याबरोबर ये. तूच बघ."

तात्पर्य: आनंदाची बातमी सगळ्यांना सांगावी, पण ज्या जिवाची ती बातमी आहे, त्याला आपल्या गाजावाजाचा त्रास तर होत नाही ना, हे आधी पाहावं. आणि चूक झालीच, तर ती सुधारताना आपला मान मध्ये येऊ देऊ नये.