अर्धी हाक

पूर्वी कुरंगपुरात अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व झाडे उतरवणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. हे लोक झाड ‘तोडले’ असे म्हणत नसत. एकेक फांदी दोराला बांधून शेंड्यापासून खाली आणायची, म्हणून ‘उतरवले’ म्हणत. एक जण वर कापी, दुसरा खाली दोर धरी. दोर वरच्या एका फांदीवरून खाली आलेला असे आणि त्याचे वेढे शेजारच्या झाडाच्या बुंध्याला घातलेले असत. वरच्याने हाक द्यायची ती दोनच शब्दांत, ‘धर’ किंवा ‘सोड’. हाक आली की खालच्याने विचार न करता ऐकायचे. ‘नको’ हा शब्द झाडावर वर्ज्य होता.

एकदा राजमार्गावर वीज पडून सावरीचे एक जुने झाड चिरले. राजाचे हत्ती त्याच वाटेने यायचे होते. मार्गाधिकारी पिंगल बोधिसत्त्वाला म्हणाला, “हत्ती यायच्या आत वाट मोकळी कर. राजवनाचा मुख्य तुलाच करतो.”

बोधिसत्त्वाचा मेहुणा भद्रक वर चढायला निघाला. तो मोळीविक्यांच्या घरातला, या कामात नवा.

“हाक कशी द्यायची, आठवतंय ना?” बोधिसत्त्वाने विचारले.

“दाजी, तुमचे नियम ऐकता ऐकता या सावरीला कापूस धरेल!” असे म्हणून तो हसत चढला. उंच दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथे, उभे राहून त्याने कमरेचा दोर खोडाला बांधला आणि करवत चालवली.

वारा सुटला. अर्धी कापलेली फांदी एकाएकी कडाडून मोडली आणि दोरावर लोंबकळली. तिच्या तुटक्या खुंटात भद्रकाच्या कमरेचा दोर अडकला. खालचा दोर सुटला असता, तर फांदीबरोबर तोही खाली आला असता. त्याला शिकवलेले काही सुचले नाही. घरात ओरडावे तसा तो ओरडला, “सोडू नको!”

वाऱ्याने हाक मधेच तोडली. खाली पोचले ते एवढेच, “सोडू...”

“सोड म्हणतोय तो!” पिंगल ओरडला. “ऐकू येत नाही का तुला? सोड!”

लांबून हत्तींच्या घंटा वाजू लागल्या. बोधिसत्त्वाच्या तळहातांतून दोर सरकत होता, कातडी सोलत होता. पानांमुळे वरचे काहीच दिसत नव्हते. सोडावे, तर हाक वरूनच आलेली होती. काही झाले तरी त्याला कुणी दोष दिला नसता. न सोडावे, तर हेलकावणारी फांदी वरच्याला चिरडूही शकली असती. पण त्याच्या मनात आले, ‘आमची हाक शेवटच्या अक्षरावर टेकते. ही टेकली नाही, तुटली.’

त्याने बुंध्याला आणखी एक वेढा घातला, टाच झाडाच्या मुळाशी रोवली आणि दोर धरून राहिला.

“मूर्खा, राजवन गेलं तुझं!”

“जाऊ दे,” बोधिसत्त्व म्हणाला आणि वर मान करून ओरडला, “फिरून बोल!”

वारा क्षणभर पडला. वरून रडवेला आवाज आला, “कंबर... दाजी, कंबर अडकली!”

पिंगलाचा चेहरा उतरला. बोधिसत्त्व त्याला म्हणाला, “आता बोलू नका. ओढा.”

अधिकाऱ्याने शेला टाकून दोर धरला. दोघांनी मिळून फांदी हातभर उचलली. कमरेचा दोर सैल पडला. भद्रकाने तो खुंटातून सोडवून घेतला. अखेर हाक आली, “सोड!”

बोधिसत्त्वाने लगेच सोडले नाही. त्या शब्दामागून आणखी काही येते का, याची वाट पाहिली. काही आले नाही. मग त्याने एकेक वेढा उलगडला. तोवर हत्ती दुसऱ्या वाटेने निघून गेले होते.

भद्रक खाली उतरला. बोधिसत्त्वाचे हात पाहून तो म्हणाला, “दाजी, तुम्हाला तर ‘सोडू’ एवढंच ऐकू आलं असेल. मग धरलंत कशाला?”

“तू पुढं काय म्हणालास, ते कळायचं होतं.”

जेतवन विहारात शास्ते भगवान बुद्धांनी ही कथा सांगितली. सुमंगल नावाच्या भिक्खूने सोबत्याचे अर्धेच बोलणे ऐकून त्याला संघाबाहेर घालवण्याचा हट्ट धरला होता. तो समोरच बसला होता. शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे हा सुमंगल. भद्रक म्हणजे त्याचा सोबती, तो अजून दाराबाहेर उभा आहे. दोर धरणारा मी होतो. तेव्हा मी जी सहनशीलता पाळली, तिला क्षांती म्हणतात.”

सुमंगल उठला आणि दाराकडे गेला. “आयुष्मान,” तो म्हणाला, “तुमचं बोलणं पुरं करा.”