साळूची बंद कोठी

सागाचे रान संपून काळा कातळ सुरू होतो, तिथल्या एका खोल कपारीत एक साळू राहत असे. गेल्या उन्हाळ्यात तिने कपारीच्या मागच्या मातीत एक ऐसपैस कोठी खणून घेतली होती. तिच्याकडे तिघे कामाला होते. घूस जमीन उकरून करांदे, म्हणजे रानातले कंद, काढी. खार झाडांवरून बिया उतरवी आणि रानकोंबडा पाचोळा चिवडून दाणे वेची. आणलेले सगळे कोठीत जाई. रोज सायंकाळी साळू ज्याला त्याला वाटा देई. शिवाय पावसाचे चार महिने ओढे भरून वाहू लागले, की चौघांनी याच कोठीवर जगायचे, असे ठरलेले होते. कोठीत मात्र साळूशिवाय कोणी पाऊल टाकायचे नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असे साळूच्या आईने तिला शिकवले होते, आणि साळूने ते मनात पक्के धरले होते.

हिवाळा सरत आला तशी कोठीतल्या करांद्यांना बुरशी धरू लागली. बिया मऊ पडल्या. साळू पहाटे, कोणी यायच्या आत, खराब झालेले कंद उचलून दरीत टाकून येई. माल रोज येत होता, पण ढीग काही वाढत नव्हता. मुलांनो, साळू लबाड नव्हती. तिला एकच भीती होती, की हे तिघांना कळले तर ते तिला सोडून जातील. म्हणून तिने काही न सांगता सायंकाळचा वाटा निम्मा केला.

"का बरे कमी?" रानकोंबड्याने विचारले.

"आहे तेवढे घ्या," साळू म्हणाली आणि काटे फिस्कारून दारात बसली.

तोंडाला कुलूप घातले, की दुसऱ्याच्या मनात नाना शंका येतात. खार घुशीला म्हणाली, "आपण राबायचे आणि हिने आत बसून खायचे, दुसरे काय!" त्या दिवसापासून खार निम्म्या बिया एका ढोलीत लपवू लागली. रानकोंबडा दुपारभर बांबूच्या सावलीत बसू लागला. येणारा माल घटला, तशी साळू तिघांच्या मागे मागे फिरून त्यांना बोल लावू लागली. ती जितकी बोले, तितका माल आणखी घटे. वैशाख उजाडला तेव्हा कोठीत महिनाभर पुरेल एवढाही साठा नव्हता. साळूला झोप लागेना, अन्न गोड लागेना.

एके सकाळी घूस दाराशी येऊन उभी राहिली. "बाई, मी उद्यापासून यायची नाही," ती शांतपणे म्हणाली. "पलीकडच्या टेकडीवर बघेन काहीतरी."

काहीतरी कडक बोलावे असे साळूच्या अगदी ओठांवर आले होते. पण ती फार थकली होती. तिने काटे मिटले आणि ती दारातून बाजूला झाली. "जायच्या आधी एकदा आत ये," ती म्हणाली. "त्या दोघांनाही बोलाव."

तिघे आत आले. कोपऱ्यातला तो एवढासा ढीग आणि त्यावरची पांढरी बुरशी बघून तिघे जागीच थबकले. साळू खाली मान घालून उभी होती. "हिवाळ्यापासून असेच चालले आहे," ती म्हणाली. "मी खाल्ले नाही. सांगायचे धाडस झाले नाही मला."

घुशीने मागच्या भिंतीला नाक लावले, पंज्याने माती चेपून पाहिली. "ही भिंत ओली आहे," ती म्हणाली. "कोठी मी खणली तेव्हा उन्हाळा होता, पाणी आटलेले होते. पावसाने मागचा झरा जिवंत झाला आणि इकडे पाझरला. बुरशी दिसली त्या पहिल्याच दिवशी मला आत घेतले असते, तर नुसत्या वासावरून सांगितले असते."

साळूला आपल्या आईची शिकवण आठवली आणि तिला फार वाईट वाटले. इतके महिने ती ज्यांच्यापासून हे लपवत होती, त्यांच्यापाशीच यावरचा उपाय होता.

घूस टेकडीवर गेली नाही. तिने भिंतीच्या मागून चर खणून पाणी दरीकडे वळवले. रानकोंबड्याने चांगले दाणे आणि कुजके दाणे वेगळे केले. खार निघून गेली आणि ढोलीतल्या बिया तोंडात भरभरून घेऊन आली; तशा तिने तेवीस खेपा केल्या. कोणी तिला एका शब्दाने विचारले नाही. तेव्हापासून कोठीचे दार उघडेच राहिले. दर सायंकाळी चौघे ढिगाभोवती बसत, आज किती आले, किती गेले ते बघत आणि उद्या कुठे जायचे ते ठरवत. रानकोंबडा आता दुपारी सावलीत बसेनासा झाला.

तरी वेळ थोडा होता. पाऊस लागला तेव्हा कोठी भरलेली नव्हती. भाद्रपदात ढीग अगदी तळाला गेला. वाटा आणखी कमी करावा लागणार, हे कसे सांगावे, या विचारात साळू होती. एवढ्यात रानकोंबडाच म्हणाला, "आजपासून एकेकच करांदा घेऊ. म्हणजे ओढे उतरेपर्यंत पुरेल." खारीने आणि घुशीने मान डोलावली. चौघांनी एकेक करांदा उचलला आणि बाहेरचा पाऊस ऐकत तो सावकाश खाल्ला. चौघे रोडावले, पण ओढे उतरले तेव्हा चौघेही त्याच कपारीत होते.

तात्पर्य : बरोबर राबणाऱ्यांपासून घरातली खरी स्थिती लपवली, तर ते परके होतात; ती त्यांच्यापुढे उघडी ठेवली, तर तिचा भार तेही आपणहून उचलतात.